लाल धागा

जेवणाआधी प्रार्थनेला जोडलेले भिकीचे हात सुटेचनात. सकाळपासून चिकूची तोडणी चाललेली, तळहातांवर चिकाचं जाड पुट चढलेलं. समोर भाकरी मोडत बसलेली रूपी फसकन हसली. "देवानेच धरून ठेवलं गं तुला," म्हणाली. एरवी भिकीने तिच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. भिकीचा बाप्तिस्मा होऊन वर्ष झालं तरी जिभेचा अजून व्हायचाच आहे, असं सगळी वाडी म्हणायची. आज मात्र तिने हात ओढून सोडवले, न उघडलेला डबा तिथेच ठेवला आणि उठली.

सकाळी झालं होतं ते एवढंच. शिडीवरून उतरताना तिची टोपली निसटली आणि दीड-दोन डझन चिकू टणक जमिनीवर आपटले. वाडीचा नियम साधा: पडलेलं फळ वेगळं काढायचं, ते चिप्सवाल्याकडे जातं. कारण कच्च्या चिकूला मार लागला तर बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. चार दिवसांनी पिकला की आत काळा निघतो. पण पडलेले दाखवायला गेलं तर रूपी संध्याकाळपर्यंत चेष्टा करणार. तेवढ्यासाठी भिकीने डोक्याचा लाल फडका सोडला, एकेका चिकूची माती घासून पुसली आणि सगळे चांगल्या मालात लोटून दिले. कुणी पाहिलं नाही.

शेडमध्ये वाडीची मालकीण हिरकणीकाकी शेवटचं खोकं चिकटपट्टीने बंद करत होती. भिंतीशी नऊ खोकी रचलेली, बाहेर टेम्पोत मुकेश वाट बघत बसलेला. गेल्या हंगामात पडलेली फळं अशीच मिसळली म्हणून काकीने एका बाईला भरल्या दुपारी घरी पाठवलं होतं. ती परत कामावर दिसली नाही. भिकीला ते आठवलं, तरी ती बोललीच.

"काकी, पडलेले चिकू मी चांगल्यात घातले."

कोणत्या खोक्यात, ते तिला सांगता येईना. मग काकीच्या तोंडाला जे आलं ते भिकीने मान खाली घालून ऐकून घेतलं. बाहेर मुकेशने इंजिन चालू केलं, हॉर्न दिला. काकीने खोक्यांकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, आणि तिचा आवाज उतरला. झालं ते झालं, म्हणाली. मला दिसत नाही, व्यापाऱ्याला दिसत नाही. तू गप्प बस, मीही बसते. जा, जेवून घे.

सुटली होती भिकी. काम राहिलं होतं, शिक्षा टळली होती, दाराशी जायचं फक्त बाकी होतं. ती गेली नाही.

"काकी, रविवारी तलासरीला प्रार्थनेत हेच हात वर करते मी."

एवढं बोलून ती खाली बसली आणि तिने पहिलं खोकं फोडलं. काकी नको म्हणत राहिली, पण तिला धरून उठवायला काही धजावली नाही. एक चिकू, दुसरा, दहावा. सगळे एकसारखे. भिकी दाबून बघे, कानाशी हलवून बघे, आणि तिला रडू यायला लागलं, कारण चार दिवस थांबल्याशिवाय ते कळणारच नव्हतं. डोळे पुसायला तिने फडका तोंडाशी नेला आणि थबकली. हातातल्या चिकूच्या देठाशी वाळलेल्या चिकात एक बारीक लाल धागा चिकटला होता.

तिने तो उजेडात धरला. मग दुसरा शोधला, तिसरा. ज्या चिकूंची माती पुसली होती, त्या प्रत्येकाच्या देठाशी फडक्याचा लाल धागा होता. झाकायला गेली होती, तिथेच खूण राहिली होती. भिकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "प्रभू," एवढंच ती पुटपुटली. काकी जवळ येऊन वाकून बघू लागली. बाहेर इंजिन चालूच होतं, तरी शेडमध्ये विवळवेढ्याच्या देवीपुढे उभं राहिल्यासारखं काकीला वाटलं.

चौथ्या खोक्यात भिकी तळाशी पोचली. खालच्या दोन थरांत बारके चिकू होते, सुपारीहून थोडे मोठे. वर टपोरे, खाली बारके; काकी स्वतःच्या हाताने असंच भरायची, तिची सासूही असंच भरायची, आणि या पट्ट्यात कोण तसं भरत नाही? तोडणाऱ्या बायका खोकी भरत नसत, म्हणून भिकीला हे ठाऊक नव्हतं. तिने ते बारके ओंजळीत घेतले, देठ तपासले. लाल धागा नव्हता. मग तिने वर पाहिलं. नजरेत ना टोमणा, ना संशय.

"काकी, हे कुठं लावू?"

खाली, असं म्हणायला काकीने तोंड उघडलं. तेवढा एक शब्द तिला उच्चारता येईना.

तिने दाराशी जाऊन मुकेशला इंजिन बंद करायला सांगितलं. मग परत येऊन पदर खोचला, भिकीच्या समोर जमिनीवर मांडी घातली आणि कोपऱ्यातलं नववं खोकं ओढून आपल्यापुढे उपडं केलं. त्यात कालची तोडणी होती. भिकीचा एकही चिकू त्यात असणं शक्य नव्हतं.