हद्दीवरची इस्त्रीची गाडी

"गाडीला हात लावलास तर याद राख!" आमच्या गल्लीतल्या द्वारकावहिनी कडाडल्या. तुळशीराम इस्त्रीवाला पार गोंधळला. "अहो वहिनी, गाडी माझीच आहे!"

झालं होतं असं. नव्या प्रभाग रचनेच्या कच्च्या नकाशात आमच्या प्रभाग पाचची हद्द 'इस्त्रीच्या गाडीपर्यंत' अशी छापली होती. गाडी मागे सरकली की निम्मी गल्ली सहामध्ये. म्हणून आमचे लोक गाडी पुढे ढकलायचे, पलीकडचे मागे. शर्टाची एक बाही पाचमध्ये कडक व्हायची, दुसरी सहामध्ये. गाडीवर पहारा बसला, रात्री ती घरी नेता येईना आणि तुळशीरामचं घरी जाणंच बंद झालं.

शेवटी मीच म्हटलं, "अरे, लेखी हरकत दे. उद्यापर्यंत मुदत आहे." त्याने दिली. सोबत म्हणून सुनावणीला मीही गेलो.

साहेबांनी विचारलं, "कोणता प्रभाग हवाय तुम्हाला?"

"कोणताही द्या साहेब, पण मला घरी जाऊ द्या. हद्दीला न हलणारं काहीतरी धरा."

साहेबांची नजर नकाशावरून माझ्यावर आली. "हे आजोबा रोज कुठे असतात?"

"गाडीशेजारच्या बाकावर," तुळशीराम हुरूपाने म्हणाला. "कित्येक वर्षांत हललेले नाहीत!"

अंतिम रचना जाहीर झाली. तुळशीराम आता गाडी घेऊन गावभर हिंडतो. माझा चहा, जेवण, औषध, सगळं द्वारकावहिनी बाकावरच आणून देतात. फक्त उठू देत नाहीत.