मागे घेताना

कॅम्पर डावीकडे जायला हवा होता, तो उजवीकडे गेला. पिकअपचं तोंड झुडपात आणि मागे जोडलेल्या कॅम्परचं, त्या चाकांवरच्या घराचं, बूड भर रस्त्यात, असा दोघांचा कोन झाला. ट्रूडीने ब्रेक दाबला आणि शेजारच्या जागेवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या पुरुषांकडे बघायचं नाही असं ठरवलं.

ते मात्र बघत होते. नेब्रास्कातल्या त्या तळ्याकाठी संध्याकाळी दुसरी करमणूक नव्हती. कुणीतरी कॅम्पर ओढत येणार. दोन झाडांमधल्या जागेत तो उलटा घालायला लागणार. नवरा आत बसून स्टिअरिंगशी झुंजणार, बायको मागे उभी राहून हात हलवणार आणि बाकीचे मांडीवर बिअर ठेवून निकालाची वाट पाहणार. ज्याने तासाभरापूर्वी स्वतःचा कॅम्पर मागे घेताना पाण्याचा नळ वाकवलेला असतो, तोच सगळ्यात मोठ्याने हसणार.

"पोरी, उतर खाली. मी घालून देतो," खुर्चीतूनच शेजारचा लायल म्हणाला. त्याच्या नव्या कोऱ्या ट्रकच्या मागे कॅमेरा होता, आत मागचं चित्र दाखवणारा पडदा होता, आणि ती सगळी अक्कल आपलीच आहे अशी त्याची समजूत होती.

"बसा तुम्ही. बिअर गरम होईल तुमची."

"डेलमर असता तर एव्हाना शेगडी पेटली असती."

"बाबा असते तर एव्हाना पलीकडच्या काठालासुद्धा कळलं असतं," ट्रूडी म्हणाली. खुर्च्या खदखदून हसल्या.

ते खरंच होतं. एरवी जेवताना मीठ मागायलाही ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, तो माणूस कॅम्पर मागे घ्यायला लागला की खिडकीतून मुंडकं काढून बायकोवर खेकसायचा. दर उन्हाळ्यात, सगळ्यांसमोर. लहानपणी ट्रूडी तेवढा वेळ कानांवर हात ठेवून बसायची. पुढे तिने येणंच सोडलं. कॉलेजात गेल्यावर अशा नवऱ्यांसाठी पुस्तकात एक शब्द असतो हे तिला कळलं. तो तिने थँक्सगिव्हिंगच्या दिवशी टर्की कापत असलेल्या बापाला ऐकवला. "असेल," बाप म्हणाला, आणि टर्की कापत राहिला.

मार्चमध्ये तो गेला. तेव्हापासून आर्डिथ, तिची आई, विचारलं तेवढंच बोलायची. बोलायची तेही असं, की समोरच्याला पुढे वाकावं लागे. कॅम्पर चुलतभावाला देऊन टाकायचं ठरलं होतं. त्याआधी एकदा आईला तिच्या नेहमीच्या जागेवर आणायचं, आणि मानाने आणायचं, एवढंच ट्रूडीला करून दाखवायचं होतं.

"आज तुझ्यावर कुणी ओरडणार नाही," फाटकापाशीच तिने आईला सांगितलं. "तूही ओरडायचं नाहीस. मागे उभी राहा आणि शांतपणे हाताने दाखव. सोपं असतं गं हे. माणसाला जनावर व्हायची गरज नसते."

"बरं," आर्डिथ म्हणाली.

ट्रूडीने गाडी पुढे काढली, सरळ केली आणि पुन्हा मागे घ्यायला लागली. पिकअप तिच्या लग्नाच्या आधीची होती. लग्न मोडलं, पिकअप चालूच राहिली. सायलेन्सर सडलेला, त्यामुळे इंजिनाच्या घरघरीत स्वतःचा विचारही ऐकू येत नव्हता. आरसे तळहाताएवढे. डाव्या आरशात आईचा निळा स्वेटर दिसत होता. दोन्ही हात वर, बोटांनी हळूहळू बोलावणारे. हेच तर. यात ओरडण्यासारखं काय होतं?

मग कॅम्पर वळला आणि आरशात नुसता पांढरा पत्रा उरला.

तिने उजव्या आरशात पाहिलं. तिथे गवत होतं. मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. पुन्हा पत्रा. आई दुसऱ्या बाजूला गेली असेल, दिसेल आत्ता. कॅम्पर पहिल्यांदाच हवा तिकडे सरकत होता, म्हणून तिने गाडी थांबवली नाही.

तेवढ्यात मागचं चाक कशावर तरी चढलं.

तिने ब्रेक दाबला. खिडकीतून अर्धी बाहेर आली. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो तिने आयुष्यात कधी काढला नव्हता.

"आई, कुठे आहेस? कुठे आहेस तू?"

खुर्च्यांमधलं हसणं थांबलं. तळ्यावर मासे धरत बसलेल्या एकाने मान वर केली.

"इथेच," कॅम्परच्या मागून आवाज आला. "झाडापाशी. मुळावर चढलंय चाक, येऊ दे तसंच." तो आवाज मोठा होता, खणखणीत होता, इंजिनाच्या वरून येत होता. "ये. अजून ये. शेपूट डावीकडे घे. जास्त नको. ये, ये. बस."

ट्रूडी आरशात न बघता त्या आवाजाच्या मागे गेली. कॅम्पर जागेवर बसला.

तिने इंजिन बंद केलं. आरशात अजूनही पांढरा पत्राच होता. बापालाही याहून जास्त कधी काही दिसलं नसणार.

आर्डिथ पिकअपच्या बाजूने चालत पुढे आली आणि खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते.

"चुकलं माझं," ट्रूडी म्हणाली. "ओरडणार नाही म्हणाले होते. सगळ्यांसमोर ओरडले तुझ्यावर."

"ओरडू दे गं," आर्डिथ म्हणाली. "तो गेल्यापासून मी कुठे आहे, ते कुणी विचारलंच नव्हतं."