बेचाळिसावं ताट

गल्लीत घरं तेरा, माणसं एक्केचाळीस, आणि रविवारच्या जेवणाला ज्यानं त्यानं घरून आणलेली, नाव घातलेली ताटं एक्केचाळीस. वाढायला दीक्षाच होती, त्यामुळं मोजणीही तिचीच.

शेवटच्या घरात ती एकटी भाड्यानं राहायची. महिना झाला होता, पण लॅबमधून ती इतकी दमून यायची की शेजाऱ्यांशी ओळख आजच होत होती.

जेवणं आटोपली. धुतलेली एक्केचाळीस ताटं नावं वाचून ज्याची त्याला गेली, तरी एक उरलं. त्यावर ‘बनाबाई’ असं होतं.

“सयाजीमामा, ह्या कुठल्या घरातल्या?” तिनं समोरच्या म्हाताऱ्यांना विचारलं.

“तुमच्याच की! रोज तुमच्या दारात बसून तांदूळ निवडत्यात.”

“मी एकटी राहते, मामा.”

मामा हसले. “भांडलासा व्हय दोघी? न्या की त्यांचं ताट.”

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिला फक्त दार लावून झोपायचं होतं. दोन्ही ताटं घेऊन ती घरी आली.

नोकरी लागली तेव्हा आईनं तिचं नाव घालून सहा ताटं दिली होती. एक हातात होतं, पाच मांडणीत. तिनं ती एकेक काढून नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं.

एकूण ताटं सात. ‘दीक्षा’ एकावर, ‘बनाबाई’ सहांवर.