उमेदवारी

नेरिस बेकरीतली नोकरी सोडून गावच्या वन्यजीव संस्थेत उमेदवारीला लागली. काम एकच. वेल्सच्या त्या उजाड माळावर रोज सकाळी दिसेनाशा होत चाललेल्या कर्ल्यू पक्ष्याची शीळ ऐकायची आणि वहीत नोंद करायची. अकरा आठवडे नुसती शून्यं लिहून झाली. आज मात्र ती लांबलचक, कापरी शीळ घुमलीच.

“इद्वल, कर्ल्यू आला!” ती ओरडली.

तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या इद्वलने कुंपणाच्या तारेकडे बोट दाखवलं. “दुर्बीण काय शोभेला अडकवलीयस? स्टार्लिंग मैना आहे ती. नकला करते.”

नेरिस तरीही हसली. “म्हणजे हिनं कर्ल्यू ऐकलाय. असेल इथंच कुठंतरी!”



“कर्ल्यू ऐकला तो हिच्या पणजीनं, पोरी. ही नुसती आईची नक्कल करतेय.”