पलंगाजवळची घंटा

बाबा जमिनीवर पडले होते आणि घंटा वाजली नव्हती.

ती शेजारच्याच खोलीत काम करत होती. तांब्या घरंगळल्याचा आवाज आला म्हणून धावली. बाबांचं कोपर सोलवटलं होतं. उजवी बाजू आधीच लुळी, डाव्या हाताने त्यांनी पलंगाचा पाय धरून ठेवला होता. घंटेचं बटण उशीपाशी, जागच्या जागी होतं.

"पाणी घ्यायला गेलो गं. तुझं काम चाललं होतं ना," बाबा म्हणाले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा घंटा तिच्याच ऑफिसात बनायच्या. चाचणीची एक तिने घरी आणून लावली होती. परवापर्यंत त्या घंटेने तीन-तीनदा वाजून नुसता उच्छाद मांडला होता. ती बाबांवर डाफरलीही होती. आज मेली मुकी.

आणि मुकी केली कुणी, तर तिनेच. बटण दाबलं की काय करायचं, ते घंटेतल्या संगणकाच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, आधी नोंदवून सांगावं लागतं. घंटा चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, ड्रायव्हरमध्ये, वाजवायची तीच नोंद तीन ठिकाणी होती. कुणीतरी घाईत चिकटवलेली. "एका सुनेला तीन सासवा कशाला?" असं भर मीटिंगमध्ये म्हणत तिने दोन उडवल्या. सगळे हसले, साहेबांनी पाठ थोपटली. काल संध्याकाळी तोच सुटसुटीत ड्रायव्हर तिने घरच्या घंटेत घातला. अतिशहाणपणा नडतो म्हणतात, तो असा.

तिने साहेबांना फोन लावला.

"सर, माझा बदल मागे घ्या. घंटा वाजतच नाही."

"तपासून पाहिलंस?"

"तपासायचं काय त्यात? वडील पडले माझे."

तिने फोन ठेवला. उद्या ऑफिसात कुठल्या तोंडाने जायचं, ते तिला कळेना.

बाबांना पलंगावर घेऊन तिने कोपराला पट्टी बांधली. मग खात्री करावी म्हणून बटण दाबलं.

घंटा वाजली. एकदाच, खणखणीत. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली.

"बाबा, ही तर वाजतेय. तुम्ही दाबलीच नाहीत का?"

बाबांनी डाव्या हाताने बटण उशीपाशी सरकवलं.

"परवा चिडलीस ना तू. तीन-तीनदा काय दाबता, कान किटले म्हणालीस."

"अहो, मग एकदा दाबायची."

"मी एकदाच दाबत होतो गं."