एकाच चुलीवरचं

"पुन्हा एकशे सत्तर," डॉक्टर निंग्रुम म्हणाली आणि तिनं कासमुरीच्या दंडावरचा पट्टा सोडला. "पाक, गोळ्या रोज घेता ना?" गावात वडीलधाऱ्या पुरुषांना 'पाक' आणि बायकांना 'बू' म्हणत.

कासमुरीनं खिशातून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. एकही गोळी उरलेली नव्हती.

"मग मीठच कुठून तरी जास्त जातंय." डॉक्टरचा आवाज मऊ होता, पण तिची नजर शेजारच्या खुर्चीकडे वळली. "बू, स्वयंपाक तुम्हीच करता ना?"

वारसितीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरोग्य केंद्राची स्वयंसेविका होती ती. दर शुक्रवारी अंगणात बायकांकडून व्यायाम करून घ्यायची, मग घरोघर फिरून सांगायची, की खारी मासळी सोडा, सिगारेट सोडा, रक्तदाब मोजून घ्या, नाहीतर हृदय एक दिवस न सांगता बंद पडेल. होड्या रंगवणाऱ्या, तोंडात सतत लवंगी सिगारेट धरणाऱ्या माणसांचे दाबसुद्धा तिनं खाली आणले होते. खाली येत नव्हता तो फक्त तिच्या नवऱ्याचा.

दोघं दारातून बाहेर पडताच बाकावरच्या बायका गप्प झाल्या. त्यांनी ऐकलं होतं.

घरी येताच तिनं सुकटीची बरणी शेजारणीला देऊन टाकली. झिंग्यांची चटणी गेली, सोया सॉस गेला. भात, उकडलेला पालक आणि अळणी तोफू. कासमुरी मुकाट्यानं जेवायचा. ताटात बघून कधी नाक मुरडलं नाही. उलट पहाटे तिच्याआधी उठून तिच्यासाठी हळद-चिंचेचं पेय उकळायचा. गेल्या वर्षभरात त्याला ही सवय लागली होती. "म्हातारपणी प्रेम उतू चाललंय," असं म्हणून बायका तिची थट्टा करत.

पुढच्या महिन्यात दाब एकशे शहात्तर निघाला.

आता तिला एकच शंका उरली. हा घरी फिकं खातो आणि बंदरावर जाऊन वाट्टेल ते हादडतो. एका दुपारी ती तडक बंदरावरच्या टपरीत शिरली. कासमुरी चार मित्रांबरोबर बसला होता.

"काय गिळताय ते बघू द्या मला," ती म्हणाली. "गावात मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही. लोक म्हणतात, हिला घरचा एक माणूस सांभाळता येत नाही आणि ही निघाली गाव सुधारायला."

कासमुरीनं पुढची बशी तिच्याकडे सरकवली. उकडलेला कसाव्याचा कंद होता. बिनमिठाचा.

"वहिनी," त्याचा मित्र सुगेंग म्हणाला, "आम्ही तळलेली मासळी पुढे केली तरी हा हात लावत नाही. सिगारेटही सोडली. आम्ही याला हसतो."

वारसिती परत फिरली. घरापर्यंत तिला मान वर करता आली नाही. संध्याकाळी कासमुरी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "उद्या पेयात आलं जरा जास्त घालू का? तुझा घसा बसलाय." दुपारचा विषय त्यानं काढलाच नाही, आणि त्यामुळे ती आणखीच खजील झाली.

मग डॉक्टरनं केंद्रात नवा नियम लावला. चाळिशी ओलांडलेलं जे कोणी दारातून आत येईल, पेशंट असो की सोबतीला आलेलं, त्याचा दाब मोजायचाच. सुरुवात स्वयंसेविकांपासून.

नियम ऐकला तेव्हा वारसितीला जुनी गोष्ट आठवली. गेल्या वर्षी समुद्राच्या जत्रेत नर्सनं हौसेनं तिचा दाब मोजला होता. एकशे नव्वद. पुन्हा मोजला, तरी तेवढाच. "मशीन बिघडलंय," म्हणून ती हसत उठली होती. घरी येताना कासमुरी म्हणाला होता, "दाखवून घे." तिनं त्याला झटकून टाकलं होतं. "लोकांना शहाणपण शिकवणारी मीच गोळ्या खायला लागले, तर माझं ऐकेल कोण? मरेन, पण त्या गोळीला हात लावणार नाही." त्यानंतर तिनं कुणापुढे दंड उघडा केला नव्हता.

आज सुटका नव्हती. दालन भरलेलं होतं. पट्टा आवळत गेला, तसे तिनं डोळे मिटले. बायका काय म्हणतील, शुक्रवारी अंगणात कोणत्या तोंडानं उभी राहू, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"एकशे चोवीस," डॉक्टर म्हणाली. "बू, कुठली गोळी चालू आहे?"

"गोळी?" वारसितीनं डोळे उघडले. "एकही नाही. कधीच नाही."

डॉक्टर दालनाकडे वळली. "बघा सगळ्यांनी. वय अठ्ठावन्न, औषध नाही, आणि दाब तरुण मुलीसारखा. फक्त खाणंपिणं आणि व्यायाम."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी महिन्यांनी वारसितीनं पाठ ताठ केली. म्हणजे ते मशीन खरंच बिघडलेलं होतं. इतके दिवस उगाच घाबरत राहिले.

पाठोपाठ कासमुरीचा दाब मोजला. एकशे ऐंशी.

"ऐकलंत ना?" वारसिती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाली. "एकाच चुलीवरचं जेवतो आपण. मग खोट कुणात आहे, ते कळलं आता सगळ्यांना."

कासमुरीनं शर्टाची बाही खाली केली, सावकाश बटण लावलं. बायकोकडे त्यानं पाहिलं नाही.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "या महिन्यापासून गोळ्या दोघांपुरत्या द्याल का? माझ्या वाट्याच्या सगळ्या रोज हिच्या पेयात जातात."