समोर बघणारी सिंहीण

राज्याच्या नव्या बोधचिन्हातली सिंहीण समोर बघायला हवी, असा समितीचा हट्ट. मी तशीच काढायची. पण शाई वाळली की तिची मान बाळाच्या पाळण्याकडे वळलेली असायची. पाळणा दुसऱ्या भिंतीशी नेला, तर मान तिकडे.

"अगं, झोपेत तूच काढतेस," नवरा हसला.

आज समितीच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, चारपर्यंत चित्र आलं नाही, तर काम दुसऱ्याला."

नवव्यांदा काढताना मी तिला हात जोडले. "बाई गं, एकदाच समोर बघ. बाळाकडे मी बघते ना."

टिपकागद उचलला. सिंहीण समोर बघत होती.

शाई तर मी फक्त काळी वापरली होती. तिच्या दातांत, पिल्लाला धरावं तसं अलगद, बाळाला सकाळी घातलेलं निळं झबलं होतं.

माझ्यामागे पाळणा हलत होता, फार हलका.